दोनचा भोंगा

लातूरहून रात्रीचा शो बघून परत येताना
गाडीवर मागं बसलेला मोईज विचारतो, कसा वाटला?
मी म्हणतो, भूत चांगलं होतं,
फक्त त्याला फार घाई होती.

आजकालच्या सगळ्याच भुतांना घाई.
दार करकरायच्या आधी व्हायोलिन करकरतं,
आपण खांदे आवळून तयार,
मग ते येतं, वेळेवर,
उदगीर डेपोच्या कुठल्याही गाडीपेक्षा वेळेवर.
आणि राहतात सगळी निळ्या उजेडात.
आमच्याकडची रात्र निळी नसते,
खांबाच्या दिव्याखाली पिवळी असते,
नाहीतर लाईट गेल्यावरची, तिला रंगच नसतो.
शेवटच्या अर्ध्या तासात एक म्हातारा येऊन
भुताची कैफियत मांडतो
तालुका कोर्टातल्या वकिलासारखी,
कोणी मारलं, कुठं पुरलं, गट नंबर किती.
नावं पडायला लागली की तेच भूत नाचतं,
कारण दुसरा भाग दिवाळीत आहे.

मागच्या महिन्यातल्या एका सिनेमात मात्र
एक बाई गॅस बंद करते,
खोलीबाहेर जाते, थांबते,
परत येऊन खटका बघते.
पुन्हा जाते.
सहा मिनिटं, बाकी काही नाही.
शेजारचा पोरगा मोबाईल काढून बसला.
माझे हात गार.

पुढं काय करतोयस, सगळे विचारतात.
चौदाला देवणीचं लग्न आहे, ड्रोनसकट.
एका क्लासची जाहिरात, तिच्यात
गेल्या वर्षीचेच टॉपर परत हसवायचेत.
हळदीचे तीन व्हिडिओ अडकलेत, हार्ड डिस्क रुसलीय.
आणि ते झालं की

ते झालं की दूध भुकटीचा कारखाना.
गावाबाहेर, बंद.
माझ्या गोष्टीत तिथं एक बाई होती, पांढऱ्या साडीतली.
पांढरी भुकटी, पांढरी साडी,
मला वाटलं होतं, काय सुचलंय.
जागा बघायला गेलो तर आत बसलिंगअप्पा.
स्टुलावर. पायाशी थर्मास.
बाई तिथंच कापली, पहिल्याच दिवशी.

अप्पा भुताला भीत नाहीत.
"असतं तर बरं झालं असतं, बोलायला कोनीतरी."
पण दुपारी दोनला उठतात,
गेट उघडतात, दोन्ही फाटकं, पूर्ण,
बाजूला उभे राहतात दहा मिनिटं,
दुसरी पाळी आत जायला लागायची तेवढी.
मग लावून घेतात.
भोंगा? भोंगा कधीच भंगारात गेला.
"मला येतंय की ऐकू. तुमच्या मशीनमदी येत नाही का?"

मोईजनं हेडफोन लावून तपासलं.
पारवे. रस्त्यावरचा ट्रक. तापलेल्या पत्र्याचं टक् टक्.
बरोबर दोनला सगळे पारवे एकदम उडाले.
मोईज म्हणाला, फाटकाला घाबरले असतील.
फाटक अजून उघडायचं होतं.

अप्पांना सगळी गोष्ट वाचून दाखवली.
"भूत कवा येतंय मग?"
येत नाही, अप्पा.
"मग लोक कशाला भिऊलालेत?"
मी पानं खालीवर केली.
सापडलं नाही.

पगार कोण देतं, विचारलं, कॅमेरा बंद करून.
"पगार? नऊ वरसं झाली की.
किल्ली परत घ्यायला कोनी आलंच नाही."

शूट मेमध्ये, पत्रा पेटतो तेव्हा.
निळा फिल्टर नाही, व्हायोलिन नाही,
मोईजला सांगितलंय, दहा मिनिटांतलं
एक सेकंद कापायचं नाही.
अप्पांची एकच अट:
गेट दाखव, हात दाखव, किल्ली दाखव,
तोंड दाखवू नको.
पोरगं पुण्याला असतंय.
त्याला वाटतंय मी घरी बसून हाय.

बॅटऱ्या चार्जिंगला लावल्यात.
चौदाला देवणी.